सहाशे तेरा ठोके

१

"ताई, माझ्या नावावर एक पॅच पास झालाय, आणि तो मी पास केलेलाच नाही!"

मंगळवारी सकाळी नऊ वाजता दिव्याचा फोन आला, तेव्हा सुमनताई उपासाच्या खिचडीसाठी दाणे कुटत होत्या. त्यांनी खलबत्ता तिथंच ठेवला, हात पदराला पुसले आणि पायात चप्पल सरकवली. सव्वीस वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होती ही बाई. "बघू", "करू" हे शब्द तिच्या तोंडात कधी नव्हतेच. कासारवाडीत दौलतरावांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. पाच मिनिटांत सुमनताई तिथं हजर.

दौलतराव म्हणजे 'थांबा'चे कर्ते. टूलरूममधून रिटायर झालेला हा गृहस्थ, आणि 'थांबा' हा त्यांनी सुरू केलेला प्रोग्रॅम. पत्र्यावर ठोका मारून तो कापणाऱ्या प्रेस मशीनच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. त्यात कुणाचा हात आला की मशीन जागच्या जागी थांबवायचं, एवढंच 'थांबा'चं काम. प्रोग्रॅम फुकट आणि सगळ्यांना खुला. कुणीही उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणायचं. चिखली, भोसरी, चाकण मिळून तीनशेच्या वर वर्कशॉपं 'थांबा'वर चालतात.

आणि रिलीज वर्षातून एकदाच, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला! बाहेरच्या लोकांना याचं हसू येतं. पण वर्कशॉपचा मालक एरवी मशीन थांबवतो का हो? नवीन प्रोग्रॅम चढवायला अर्धा तास मागितला तरी अंगावर येतो. खंडेनवमीला मात्र तोच मालक मशीन धुऊन पुसून, झेंडूची माळ घालून पूजेला ठेवतो. तेवढ्या वेळात नवी आवृत्ती चढवून घ्यायची. दिवाळीत मशीनं बंद असतात, पण माणसं गावाला गेलेली असतात. हा दिवस चुकला की वर्ष गेलं.

उद्या खंडेनवमी होती.

"बसा," दौलतराव म्हणाले. दिव्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, डोळे रडून लाल. दिव्याच्या वडिलांची, कोंडीरामांची, तीन बोटं प्रेसखाली गेलेली. त्यासाठीच ही पोरगी भोसरीत सीएनसी मशीनवर काम करता करता प्रोग्रॅमिंग शिकली आणि 'थांबा'त आली. वर्षभरात चाळीस पॅच तिनं मशीनवर चालवून तपासले होते.

"एकतिसावा पॅच बघा," दौलतराव म्हणाले. "पडद्यात काही आलं की आपण वीस मिलिसेकंद वाट बघतो. तेलाचा थेंब असेल तर तेवढ्यात निघून जातो, हात असेल तर राहतो, आणि मशीन थांबतं. या पॅचनं ते वीसचे नव्वद केलेत."

"नव्वद!" सुमनताई ओरडल्याच. "अहो, तेवढ्यात हात चार बोटं आत जाईल!"

"आणि खाली सही कुणाची? दिव्याची. मी नियम सांगायला नको. खोटी सही सापडली की त्या माणसाच्या सगळ्या सह्या रद्द. म्हणजे तिचे बाकीचे चाळीसही पॅच बाहेर. म्हणजे यंदा रिलीज नाही."

"माझ्या सहीचं गेलं तर गेलं, काका," दिव्या म्हणाली, "पण मी हे केलेलं नाही."

सुमनताईंनी घड्याळ पाहिलं. "तीनपर्यंत वेळ आहे ना? मग रडायचं तीननंतर. आधी मला ती नोंद दाखव."

२

'थांबा'त पॅच आत यायला दोन सह्या लागतात. एक 'वाचलं'ची, एक 'चालवलं'ची. चालवलं म्हणजे खऱ्याखुऱ्या प्रेसवर चालवलं, घरी खुर्चीत बसून नव्हे. कधी चालवलं, किती ठोके मारले आणि मशीन फुकट किती वेळा थांबलं, हे हातानं लिहायचं. हा नियम खुद्द सुमनताईंचाच.

एकतिसाव्याखाली लिहिलं होतं: पंचवीस तारीख. अकरा वीस ते अकरा तीस. ठोके सहाशे तेरा. फुकट थांबे शून्य. सही, दिव्या. पॅच पाठवणारा कुणी विलास म्हणून. त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण अनोळखी माणसांचे पॅच रोजच येतात, त्यात नवल नव्हतं.

"पंचवीस तारखेला सकाळी कुठं होतीस?"

"घरी. सुट्टी होती, झोपले होते."

"कुणी पाहिलं?"

"बाबा बाहेर गेले होते, ताई. कुणीच नाही."

"सुट्टीच्या दिवशीच तर माणूस निवांत टेस्टिंग करतो," दौलतराव पुटपुटले. सुमनताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"आणि ही नोंद सर्व्हरवर कधी आली?"

"रविवारी, बारा चाळीसला. माझ्याच लॅपटॉपवरून," दिव्या म्हणाली. "रविवारी इथंच बैठक होती ना. माझा लॅपटॉप टीव्हीला लावला होता. पासवर्ड सकाळीच टाकून ठेवला होता मी. बाराला सगळे खायला गच्चीवर गेले. मधेमधे कोण ना कोण खाली येत होतं. चार्जर, फोन, पाणी..."

रविवारच्या बैठकीला पंगत फार मोठी नव्हती. सुमनताई आणि दौलतराव गच्चीवर वाढत होते, तिथून हलले नव्हते. उरले चौघं. दिव्या. हिंजवडीच्या आयटी कंपनीतला धनेश. चिखलीच्या वर्कशॉपचा मालक रणजीत, ज्याच्या प्रेसवर दिव्या रोज टेस्टिंग करते. आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीत मेंटेनन्सला असलेला नवनाथ.

चौघांतल्या एकानं हे केलं होतं, आणि चौघंही सुमनताईंच्या हातची खिचडी खाऊन गेले होते. याचा त्यांना जास्त राग आला.

३

धनेशला फोन करावा लागला नाही, तो स्वतःच दहा वाजता उगवला. 'वाचलं'ची सही त्याची होती.

"धनेश, हा पॅच तू वाचलास?"

"वाचलाच असणार, ताई. सही आहे ना माझी."

"नव्वद मिलिसेकंद दिसले नाहीत तुला?"

धनेशनं आधी पंख्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. खालच्या दर्जाच्या मालावर चांगल्याचा शिक्का मारताना पकडलेली माणसं सुमनताईंनी शेकड्यानं पाहिली होती. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता.

"काल संध्याकाळी मुदत संपत होती," तो शेवटी म्हणाला. "सदतीस पॅच पडून होते. शेड्यूल मीच बनवलंय, मीच मोडायचं का? खाली दिव्याची सही होती. तिनं चालवलंय म्हणजे ठीकच असणार, असं धरलं आणि... न वाचताच सही केली. सदतीसच्या सदतीस."

"शाबास रे पठ्ठ्या!" सुमनताई कडाडल्या. "अरे, तुझी सही बघून तीनशे वर्कशॉपांतली माणसं मशीनमध्ये हात घालतात!"

धनेशचे कान लाल झाले. "चुकलंच. पण ताई, तो पॅच मी घातला नाही. आईशप्पथ. मला प्रेस मशीन धड चालू करता येत नाही, ठोके कुठून मोजू?"

"ठोके मोजायला कशाला पाहिजेत? आकडा नुसता टाइप करता येतो," दौलतराव म्हणाले.

हेही खरं होतं. सुमनताईंनी धनेशला एका खुर्चीत बसवलं आणि सदतीस पॅच आत्ताच्या आत्ता वाचायला लावले. मग रणजीतला फोन लावला.

"बोला ताई!" मागे ग्राइंडरचा कर्कश आवाज. "उद्याची तयारी जोरात हाय. मशीन धुयाला काढलीया."

"रणजीत, पंचवीस तारखेला सकाळी दिव्या तुझ्याकडं आली होती का?"

"आता तारीख कुठली ध्यानात ऱ्हायला ताई. ती येती की संध्याकाळची. किल्ली बी हाय तिच्याकडं. आमी कधी ईचारत न्हाई."

"तुझी प्रेस मधेच थांबते म्हणून तू कुरकुर करत होतास ना?"

"व्हय, करत व्हतो! तेल उडलं का थांबती. पण म्हणून काय मी तुमच्या प्रोग्रॅमात हात घालीन व्हय? मला तर मोबाइलवर साधं लिहाया येत न्हाई." तो मोठ्यानं हसला. "आन ताई, माझी म्हातारी थांबली काय न् चालली काय, मिनटाला पस्तीसच्या वर ठोका देत न्हाई. घाई करून मी कुठं जाणार? रविवारी तुमच्या बैठकीला यायचं तर वर्कशॉप मेव्हण्यावर टाकून यावं लागतं, त्यात बी माझं नुकसान."

फोन ठेवला तेव्हा सुमनताईंच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. काय ते मात्र सापडेना. त्यांनी पंचवीस तारखेची नोंद पुन्हा वाचली. अकरा वीस ते अकरा तीस. सहाशे तेरा.

"दिव्या," त्यांनी एकदम विचारलं, "तू दर वेळी किती ठोके मारतेस?"

"दोनशे. नेहमी दोनशेच."

सुमनताई उभ्या राहिल्या.

४

"दहा मिनिटांत सहाशे तेरा. म्हणजे मिनिटाला एकसष्ट! आणि रणजीतची प्रेस जीव तोडून पळाली तरी पस्तीस. हे आकडे रणजीतच्या मशीनचे नाहीतच!"

"मग खोटेच आहेत ना," दौलतराव म्हणाले. "बसल्या जागी लिहिलेले."

"नाही हो! खोटं लिहिणारा माणूस सहाशे तेरा लिहीत नाही. तो पाचशे लिहितो, सहाशे लिहितो, नाहीतर दिव्याचे जुने दोनशे उचलून टाकतो. माझं आयुष्य खोटे रिपोर्ट पकडण्यात गेलंय. सहाशे तेरा हा मोजलेला आकडा आहे. कुणीतरी खरंच मशीन चालवलंय आणि काउंटर बघून लिहिलंय!"

"पण कुठल्या मशीनवर?" दिव्यानं विचारलं. रडणं विसरून ती आता पुढे सरकून बसली होती.

सुमनताई येरझाऱ्या घालू लागल्या. भिंतीवर दौलतरावांचं कॅलेंडर होतं, घरातली सगळी कामं त्यावर बारीक अक्षरात लिहिलेली. सुमनताईंची नजर पंचवीसच्या चौकोनावर गेली. तिथं लिहिलं होतं: 'दिवसभर लाइट नाही. पाणी भरून ठेवणे.'

"अगं बाई!" त्या ओरडल्या. "गुरुवार! पंचवीसला गुरुवार होता!"

धनेशनं स्क्रीनवरून मान वर केली. "मग?"

"मग काय? अरे, गुरुवारी इकडची सगळी वर्कशॉपं बंद असतात. आठवड्याची सुट्टी! म्हणून तर दिव्या घरी झोपली होती. आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट काढतात." त्यांनी पुन्हा रणजीतला फोन लावला. "रणजीत, गेल्या गुरुवारी तुझ्याकडं लाइट होती का रे?"

"न्हवती की! नऊ ते पाच बंद. मेसेज आला व्हता, दावू का? आन लाइट असती तरी गुरवारी आमी कुठं शटर उघडतो?"

फोन बंद करून सुमनताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "इथलं कुणीही, अगदी कुणीही, खोटी नोंद करायला गुरुवार निवडणार नाही. दिव्या नाही, रणजीत तर नाहीच. हे त्याचं काम आहे ज्याचा गुरुवार कामाचा असतो. आणि ज्याच्या हाताशी मिनिटाला साठ ठोक्यांची मोठी प्रेस आहे."

दौलतरावांचा चेहरा उतरला. त्यांच्या लक्षात आलं होतं. "नको हो, सुमनताई. तो नको."

५

नवनाथची या आठवड्यात दुसरी शिफ्ट. अडीचला नाशिक फाट्यावरून कंपनीची बस. जाता जाता दौलतरावांकडे डोकावायची त्याची सवयच होती. दोन वाजता तो हसतमुखानं दारात उभा राहिला, खांद्याला डब्याची पिशवी.

नवनाथ बीडकडचा. आठ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर राबला होता. 'थांबा'तले सगळ्यात अवघड बिघाड त्यानं शोधले होते, आणि दिव्याला प्रेसचा पहिला धडा त्यानंच दिला होता. ती त्याला दादा म्हणायची.

"झालं का रिलीज? का अजून घोळ चाललाय?" तो म्हणाला. "लई बरं, बैठक रविवारी ठेवता म्हणून मला जमतं. आमची सुट्टी रविवारची ना."

सुमनताईंनी त्याला पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"नवनाथ, गेल्या आठवड्यात तुझी पहिली शिफ्ट होती. गुरुवारी अकरा वीसला तू कुठल्या प्रेसवर होतास?"

"म्हणजे?"

"सहाशे तेरा ठोके. शून्य थांबे. हे तूच मोजलंस ना?"

पेला नवनाथच्या हातात तसाच राहिला. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि दिव्याकडे पाहून मिटलं.

"सही खोटी केलीस," सुमनताई म्हणाल्या. "विलास नावाचा माणूस खोटा उभा केलास. पण ठोके खोटे लिहवेनात तुला. मशीनवरचा माणूस तू. न चालवता 'चालवलं' लिहायला हात धजला नाही. खरं की नाही?"

"खरं," नवनाथ म्हणाला. पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरून बसला. "खरं आहे, ताई. लाइन तीनवरची प्रेस तेलाच्या थेंबांनी तासाला दहादा थांबायची. टार्गेट पुरं होईना. साहेब म्हणले, ही लाइन सुरळीत कर, तुझं पर्मनंटचं पत्र काढतो. कंपनीत प्रोग्रॅम बदललेला चालत नाही. ऑडिटवाले 'थांबा'चं अधिकृत रिलीज असेल तरच पास करतात. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. मला वाटलं, एकदा रिलीजमध्ये गेलं की..."

"आणि माझी सही कशाला, दादा?" दिव्याचा आवाज चिरकला. "माझीच कशाला?"

"तुझी सही बघून कुणी पुढं तपासत नाही, दिव्या. सगळ्यांचा विश्वास आहे तुझ्यावर."

तिला हे फार लागलं. धनेशनं मान खाली घातली. ते त्यालाही लागलं होतं.

दौलतराव उठले. आधी ते दिव्यासमोर गेले. "पोरी, मी तुझ्यावर संशय घेतला. माझं चुकलं. तुझ्या सह्या आहेत तशा राहतील." मग नवनाथकडे न बघता म्हणाले, "तुझी सही आजपासून बंद. दिव्या, एकतिसावा काढ. धनेशनं राहिलेले वाचलेत. रिलीज तूच कर."

दिव्यानं एकतिसावा काढला. चाळीस पॅच शिल्लक राहिले, प्रत्येकाखाली तिचं नाव. तिनं डोळे पुसले, बोट कळीवर ठेवलं. अडीच वाजून गेले होते. बाहेरच्या सगळ्या वर्कशॉपांतून विचारणा यायला लागली होती. आणि तिनं बोट उचललं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "गुरुवारी चालवून बघितलंस, ते ठीक. नंतर त्या प्रेसवर जुना प्रोग्रॅम परत चढवलास ना?"

नवनाथचा चेहरा पांढराफटक पडला.

"चढवलास ना?" सुमनताई किंचाळल्या.

"लाइन एकदाही थांबत नव्हती, ताई. साहेब खूश होते. मी तसंच ठेवलं." तो उभा राहिला. "गुरुवारपासून."

"या क्षणाला कोण आहे त्या प्रेसवर?"

"पहिली शिफ्ट साडेतीनपर्यंत. कस्तुरा आहे. ती हातानं पत्रा लावते."

नवनाथनं फोन काढला. आणि थांबला. सगळ्यांना कळत होतं तो का थांबला ते. भर शिफ्टमध्ये लाइन बंद करायची तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की पत्र गेलं, आणि बहुतेक नोकरीही. आठ वर्षं! तो पर्मनंट झाला की बायको गावाहून इकडं यायची होती. सुमनताईंच्या मनात आलं, हात जोडावेत याला. पण त्या गप्प राहिल्या. हे त्याचं त्यालाच करू द्यायला हवं होतं.

नवनाथनं नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे प्रेसचा धाडधाड आवाज, झपाट्यानं, मिनिटाला साठ.

"कस्तुराताई, नवनाथ बोलतोय. मशीन बंद करा. लाल बटन दाबा. आत्ता!"

"अवो, टार्गेट ऱ्हायलंय..."

"हात बाहेर काढा आणि दाबा!"

आवाज थांबला. खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"केली बंद," कस्तुरा म्हणाली. "काय झालं सर? कुणाचा हात गेला का?"

"नाही."

"मग? साहेब इकडंच यायलेत पळत. काय सांगू त्येंला? कशापायी थांबवली?"

नवनाथनं एकदा दिव्याकडे पाहिलं. "सांगा, प्रोग्रॅम नवनाथनं चुकीचा टाकला होता. हात जाऊ नये म्हणून त्यानंच थांबवली. मी येतोय, मी येईपर्यंत कुणीही चालू करायची नाही."

त्यानं फोन ठेवला. बस केव्हाच गेली होती. धनेश काही न बोलता उठला आणि गाडीची किल्ली घेऊन त्याच्यासोबत जिन्याकडे निघाला.

तीन वाजायला चार मिनिटं होती. दिव्यानं रिलीज सोडलं.